शालनबायचा डावा पाय

माझं स्वयंपाकघर शालनबायच्या भातशेतात आहे. हे मी म्हणत नाही, ती म्हणते. भाईंदर पूर्वेला खारी गावाच्या कडेला आमची इमारत उभी आहे, ती जमीन एकेकाळी शालनबायच्या घरच्यांची होती. गिरगाव सोडून आम्ही इथे राहायला आलो त्याच आठवड्यात ही बाई जिना चढून वर आली, माझ्या ओट्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हितं आमचा भात व्हायचा. पानी तुंबायचा तो तुज्या बेसिनजवल." आमची ओळख झाली ती अशी. तिचं स्वतःचं घर इमारतीच्या पायथ्याशीच आहे. एकमजली, पुढे ओटी, ओटीवर झोपाळा. माझ्या गॅलरीतून ती ओटी सरळ दिसते आणि मी बघत असते. रिटायर झालेल्या बाईने दुसरं काय करायचं?

शालनबाय धवलारीण आहे. आगरी लग्नात भटजी येतो तो नंतर. त्याच्याआधी मांडवात उंबराची फांदी आणण्यापासून हळद उतरेपर्यंत जे काही चालतं ते धवलारणीच्या गळ्यावर चालतं. कुठला विधी कधी, कुणी पुढे व्हायचं, कुणी पाणी घालायचं, हे सगळं धवल्यांत, म्हणजे लग्नाच्या गाण्यांत, गायचं असतं आणि तिने गायल्याशिवाय पान हलत नाही. शालनबाय नुसती गाते असंही नाही, ती मांडव राखते. मांडवात वहाण चालत नाही म्हणजे नाही. एका लग्नात फोटो काढणारा मुलगा बूट घालून आत शिरला. ही अर्ध्या ओळीवर थांबली आणि तिने फक्त त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. तो लेस सोडत बसला तेवढा वेळ अख्खं लग्न हातावर हात ठेवून उभं होतं. भटजीसुद्धा तिला वचकून असतात, मी स्वतः पाहिलंय.

अशा बाईच्या अंगावरून वारं गेलं. दिवाळी नुकतीच आटोपली होती. सकाळी ओटीवर बसून तांदूळ पाखडताना सूप डाव्या हातातून सुटलं. तिने परत धरलं, परत सुटलं. नवरा पुंडलिक समोरच चहा पीत बसला होता. त्याला वाटलं झोप झाली नसेल. मग तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं आणि त्याच्या हातातली बशी खाली पडली. मुलगा दशरथ टेम्पो चालवतो. त्याने तिला टेम्पोतच घालून दवाखान्यात नेलं. वेळेत नेलं म्हणून जीव वाचला आणि वाचा वाचली. पहिले काही दिवस बोलणं जड होतं, पण शिव्या स्पष्ट येत होत्या, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो. डावा हात आणि डावा पाय मात्र गेल्यासारखेच झाले.

आजार हत्तीच्या पायाने येतो आणि मुंगीच्या पायाने जातो म्हणतात. इथे मुंगीच्या पायाचीच पंचाईत होती. मांडीत थोडी ताकद आली, गुडघा सरळ राहायला लागला, पण पंजा काही उचलेना. पाय उचलला की पंजा ओल्या फडक्यासारखा खाली लोंबायचा आणि बोटं फरशीला अडकायची. घरी व्यायाम घ्यायला भाविका नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. गुजराती मुलगी, हसरी, पण कामाला कडक. तिने सांगितलं, "आजी, पंजा अजून ऐकत नाय. त्याला पकडून ठेवायला पट्टा पाहिजे. पट्टा घातला की पाय अटकणार नाय, मग चालता येईल. और चलेंगे तो ही पैर सीखेगा."

"मांडवापरयंत चालंन?" शालनबायने विचारलं.

हा मांडव म्हणजे तिच्या नातीचा. चांदणी ही दशरथ आणि नीलिमाची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न वरसाव्याच्या मुलाशी ठरलं होतं, तारीख एप्रिलमधली. मांडवाच्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या उंबराची फांदी तोडून आणतात. फांदी पुरुष तोडतो, पण ती वाजतगाजत मांडवात आणायची ती बायकांनी, आणि सगळ्यांच्या पुढे चालते धवलारीण, गात. पुरुष तेव्हा खुर्च्यांवर बसून असतात. शालनबायने आयुष्यभर गावच्या पोरींचे उंबर आणले.

"सगल्या गावाचा उंबर मी आनला," ती मला म्हणाली, "नि माज्या नातीचा उंबर दुसरी आनील, मी खुर्चीवर बसून बगन? त्याच्यापरास वारा पुरता गेला असता तं बरा."

तिला घरघर लागली तरी ती असंच बोलली असती. पण डोळे भरलेले होते.

पट्ट्याचं माप द्यायला मीही गेले होते, कारण नीलिमाला रजा नव्हती. नीलिमा मीरा रोडला एका शाळेच्या ऑफिसात आहे. नया नगरच्या पलीकडे कुलदीप नावाच्या माणसाचं लहानसं वर्कशॉप होतं. भिंतीवर पायांचे पांढरे साचे टांगलेले. शालनबाय ते बघून म्हणाली, "ह्या लोकांचं बाकीचं कुठं गेलं?" कुलदीप स्टुलावर बसला, तिचा पाय त्याने स्वतःच्या मांडीवर घेतला, मोजा चढवला आणि ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायला लागला. "माताजी, पैर ढीला छोड़िए. बिलकुल ढीला." प्लास्टर घट्ट होईपर्यंत तो तिचा पंजा दोन्ही हातांत धरून काटकोनात बसला होता. शालनबायने पाय ओढून घेतला नाही. डॉक्टरच्या जातीतला माणूस, त्याला सगळं माफ.

पुंडलिक दारात उभा होता. हा माणूस मुळात कमी बोलणारा. मिठागरात आयुष्य गेलं, मिठागर बंद झालं तरी तोंड उघडायची सवय काही लागली नाही. तो एकटक त्या पायाकडे बघत होता. परतताना रिक्षात, बऱ्याच वेळाने, रस्त्याकडे बघतच म्हणाला, "त्या पोराला चालतंय. मना न्हाय."

मला कळलं नाही. शालनबायला कळलं, कारण तिने मान फिरवली.

पट्टा आला. पोटरीच्या मागून खाली येऊन तळपायाखाली जाणारी पांढऱ्या प्लॅस्टिकची पन्हळ, वर एक, घोट्यावर एक आणि पंजावर एक अशा वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या. आत मोजा, बाहेरून बूट. बूट पाहिजेच, कारण नुसतं प्लॅस्टिक फरशीवर घसरतं. पहिल्या दिवशी पट्टा घालून ती ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भाविकाच्या हाताला धरून चालली आणि बोटं एकदाही अडकली नाहीत. टोकाला पोचल्यावर तिने गॅलरीत माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, झालं, आता ही बाई मांडव गाजवणार.

कसलं काय. महिन्याभरात भाविका वैतागली. पोटरी मऊ व्हायची ती उलट ताठ होत चालली होती. "आजी, तुमी पट्टा घालतच नाय. दिवसभर घालायचा बोलली होती ना मी? सिर्फ सोते टाइम काढायचा."

"घालतंय गो," शालनबाय म्हणाली आणि छताकडे बघायला लागली.

घालत नव्हती. मी वरून बघत होते ना. सकाळी नीलिमा कामावर जायच्या आधी घाईघाईत पट्टा बांधायची, सासूला ओटीवर फिरवून आणायची, आणि मग दारातच बूट आणि पट्टा दोन्ही काढून चपलांच्या शेजारी ठेवून निघून जायची. का? तर पट्टा बुटात असतो आणि बूट घरात आणायचा नाही. घरात देव आहेत. म्हणजे बाई चालणार कुठे, तर जिथे ती दिवसातून पाव तास असते तिथे. आणि उरलेला सगळा दिवस जिथे काढायचा त्या घरात, संडासाला जाताना, मोरीत, उंबरठा ओलांडताना, अनवाणी, लोंबत्या पंजाने, भिंती धरून. जिने आयुष्यभर लोकांच्या पायांतल्या वहाणा काढायला लावल्या तिने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला होता.

नीलिमाला मी बोलले. ती बिचारी रडकुंडीला आली. "काकू, मी काय करू सांगा. मी म्हणतेय दुपारी ओटीवर बसायच्या वेळेला परत घाला. पण घालणार कोण? एका हाताने त्यांना जमत नाही, खाली वाकलं की तोल जातोय. बाबा घरात असतात, पण आई त्यांना हात लावू देत नाहीत."

"पट्ट्याला?"

"पायाला."

तेव्हा मला रिक्षातलं वाक्य कळलं. नवऱ्याने बायकोच्या पायाला हात लावायचा नाही. लावला तर पाप, आणि ते पाप बायकोच्या माथी. आपल्याकडे पाय म्हणजे नुसता पाय नसतो. चुकून कुणाला लागला तर आपण हात कपाळाला लावतो, थोरांचा दिसला तर त्यावर डोकं ठेवतो, लग्नात सासरा जावयाचे पाय धुतो तेव्हा कुणाला काही वाटत नाही. बायकोचा पाय तेवढा नवऱ्याला विस्तवासारखा. मी शालनबायला हे असंच तोंडावर सांगितलं. तिने मला ऐकवलं, "पायाची व्हान पायातच बरी. तुमच्या गिरगावात काय बी चालत असंल."

मग तिनेच, जणू मला गप्प करायला, एक जुनी गोष्ट सांगितली. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं ती पुंडलिकबरोबर मिठागरात जायची. एकदा टाचेत शिंपल्याची कपची घुसली. खाऱ्या पाण्यात जखम, आग नुसती. पुंडलिक म्हणाला, दाखव, काढतो. ही म्हणाली, नको. तशीच लंगडत बांधावरून घरी आली आणि सासूकडून कपची काढून घेतली. पुंडलिक मागून चालत होता, दोन हात अंतर ठेवून. "ते येक अक्षर बोलले न्हाय वाटंनं," ती अभिमानाने म्हणाली. मला त्या गोष्टीत अभिमानाचं काही दिसलं नाही. मला तो मागून चालणारा माणूस दिसत राहिला.

फेब्रुवारीत ती पडली. दुपारची वेळ, घरात दोघंच. तिला मोरीत जायचं होतं. पुंडलिक हात द्यायला उठेपर्यंत ही भिंत धरून निघालीसुद्धा. उंबरठ्याला पंजा अडकला आणि ती कुशीवर आपटली. मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होते, आवाज आला, मी तशीच धावत खाली गेले. पुंडलिक जमिनीवर बसला होता आणि तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. त्याने एकट्याने उचलायचा प्रयत्न केला असावा, धाप लागली होती. आम्ही दोघांनी मिळून तिला खाटेवर बसवलं. हाड मोडलं नव्हतं. पण ती भेदरली होती. एवढ्या वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती, आणि मला ते बघवलं नाही.

पुंडलिक दाराकडे गेला. चपलांच्या रांगेतून बूट उचलला, त्यातून पट्टा ओढून काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि घेऊन आत आला.

"नको," शालनबाय म्हणाली. "पाप लागंल."

"मी घरान असताना तू परलीस," पुंडलिक म्हणाला. "ह्या पापाचा काय?"

तिने त्याच्या हातातल्या पट्ट्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दार लाव गो."

मी दार लावलं, पण आतून. मला बाहेर जायला कुणी सांगितलं नव्हतं.

तो खाली बसला. मिठाने फाटलेली जाड बोटं, नखं बोथट झालेली. मला वाटलं, याला चिकटपट्टीचं तोंडही सापडायचं नाही. पण त्याने आधी मोजा चढवला आणि त्यावरून हात फिरवून एकूण एक सुरकुती काढली. मग टाच पट्ट्यात पार मागे दाबली, खाली नीट बसली का ते बोट घालून बघितलं, आणि घोट्यावरची पट्टी सगळ्यात आधी ओढली. भाविका नीलिमाला शिकवायची ते अगदी तसंच. रोज सकाळी नीलिमा बांधायची तेव्हा हा दारात उभा राहून बघत असे. इतके दिवस मला वाटायचं तो नुसता उभा आहे.

बांधून झालं. शालनबायच्या गालावरून पाणी वाहत होतं. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आता तुमचा पाय आना इकरं."

"कशाला?"

"नमस्कार करतंय. पाप फिटला पायजं."

ती वाकू शकत नव्हती. मग यानेच पाय वर करायचा. सत्तरीच्या पुंडलिकने एक पाय उचलून खाटेच्या कडेवर ठेवायचा प्रयत्न केला, गुडघा अर्ध्यात अडला, तो एका पायावर डुगडुगायला लागला आणि मी धावून त्याच्या कमरेला धरलं. शालनबायने घाईघाईत त्याच्या अंगठ्याला हात लावून कपाळाला लावला. मग तिघंही एकमेकांकडे बघून जे हसत सुटलो ते थांबेचना. ती तर हसता हसता परत रडली.

त्या दिवसापासून पट्टा रोज सकाळी आणि दुपारच्या झोपेनंतर तोच बांधायला लागला, दार लावून. रात्री काढला की पाय दिव्याजवळ घेऊन कुठे लाल वण उठलाय का ते बघायचा. घोट्याच्या हाडावर एकदा लाली दिसली तर त्याने भाविकाला बोलावून घेतलं आणि तिच्यापुढे, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, सलग तीन वाक्यं बोलला. बाहेर मात्र कुणाला काही कळू द्यायचं नाही, ही शालनबायची अट होती. गावाला वाटत होतं, सून बांधते.

बुटाचा प्रश्न भाविकाने सोडवला. तिने कुलदीपकडून पट्ट्याच्या तळाला रबराचा पातळ, खरखरीत तळवा चिकटवून आणला. आता बूट नको, नुसत्या पट्ट्यावर घरात चालता येत होतं. पण मग शालनबायला दुसरा घोर लागला. तळवा असलेली वस्तू, ती वहाण म्हणायची की नाही? मांडवात चालेल? तिने गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाला, धर्माजीला, ओटीवर बोलावून विचारलं. धर्माजीने पट्टा उलटासुलटा करून पाहिला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "मांडवाचा कायदा तुजा. आमी तुलाच इचारतो."

आली का पंचाईत. ज्यांना विचारायचं ते हिलाच विचारतात. दोन दिवस ती पट्टा मांडीवर घेऊन त्याचा तळवा बघत बसली. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून तिने निकाल दिला, काढायच्या-न काढायच्या मुद्द्यावर. "व्हान कशी, दाराशी काराची नि आत जायचा. हा काराला तं मीच दाराशी राहतंय. मंग ही व्हान न्हाय." उंबर घेऊन येणाऱ्या बायका मांडवाच्या तोंडाशी पाय धुतात, तसा पट्टाही धुवायचा, एवढी पुरवणी तिने जोडली. वकिलाने ऐकलं असतं तर शिष्य झाला असता.

एप्रिलपर्यंत ती काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायला लागली. सावकाश, डावा पाय किंचित बाहेरून फिरवत, पण बोटं न अडकवता. सोबत धवले म्हणायची, दम पुरतो का ते बघायला.

मांडवाच्या दिवशी सकाळी पट्टा नीलिमाने बांधला, कारण घर पाहुण्यांनी भरलं होतं. पुंडलिक बाहेर पुरुषांमध्ये पांढरी टोपी घालून खुर्चीवर बसला. नीलिमाच्या डोक्यात शंभर व्याप, मुलीचं लग्न, तिने दोन मिनिटांत पट्ट्या ओढल्या आणि पळाली. मी नवी साडी नेसून बायकांमध्ये होते. ताशेवाले आले, दशरथने उंबराची फांदी तोडली, बायकांच्या हातात दिली आणि नीलिमाबरोबर पाटावर बसायला मांडवात गेला. आम्ही निघालो. सगळ्यांच्या पुढे शालनबाय, हिरवी नऊवारी, उजव्या हातात काठी. तिने पहिला धवला उचलला आणि ताशा आपोआप हळू झाला. तोच आवाज, फक्त थोडा खरखरीत. मागच्या बायका ओळ झेलायला लागल्या. मला रडू आलं, मी येऊ दिलं.

अर्धी गल्ली झाली आणि ती थांबली.

घोट्यावरची पट्टी सुटली होती. चिकटपट्टीत धागे, केस, काय काय अडकलेलं, त्यात घाम, ती धरेचना. टाच पट्ट्यातून वर आली होती आणि पाय आत वाकडा झाला होता. पुढचं पाऊल टाकलं असतं तर पडली असती. गाणं थांबलं, ताशा थांबला. कुणीतरी धावत खुर्ची आणली. तिची चुलतजाऊ चांगली बाई, तिला धवले येतात. ती पुढे होऊन मायेनेच म्हणाली, "बस तू, शालन. लय चाललीस. आता मी म्हनतंय." फांदी धरलेल्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. धवल्यात फार वेळ खंड पडू देत नाहीत.

शालनबायने खुर्चीकडे पाहिलं. बसली असती तर झालं होतं. नीलिमा पाटावर बसलेली, तिला उठता येत नव्हतं. मी पुढे झाले, साडी सावरून खाली वाकायला लागले. म्हटलं, मी बांधते. तिने काठीने मला अडवलं.

"तुना न्हाय जमायचा," ती म्हणाली. मग मान वर करून गल्लीच्या पलीकडे, खुर्च्यांच्या रांगेकडे बघून तिने हाक मारली. धवला उचलायची तसा मोठा आवाज लावून. "अवो, इकरं या. माजा पाय बांदा."

अख्ख्या गल्लीने ऐकलं. खुर्च्यांवरचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. पुंडलिक उठला. बायका बाजूला सरत गेल्या आणि तो त्यांच्यामधून आला. उन्हाने तापलेल्या डांबरावर त्याने गुडघा टेकला. एक म्हातारी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली. कुणीतरी मोबाइल वर केला, कुणीतरी तो खाली करायला लावला. पुंडलिकला यातलं काही दिसत नसावं. त्याने पट्टी पूर्ण सोडली, बोथट नखांनी तिच्यात अडकलेले धागे एकेक करून उपटले, मोजा ओढून सपाट केला, टाच मागे दाबली. शालनबायने काठी माझ्याकडे दिली आणि उजवा हात त्याच्या खांद्यावर टेकला. आणि तिथेच उभी राहून, नवरा पायाशी बसलेला असताना, तिने तुटलेली ओळ पुन्हा उचलली.

मग चुलतजावेनेच ती ओळ झेलली आणि मागून सगळ्यांनी.

पुंडलिकने शेवटची पट्टी ओढली, माझा हात धरून उठला आणि खुर्च्यांकडे परत जायला वळला. शालनबायचा हात त्याच्या खांद्यावरच होता. ती गात होती, तिला बोलता येत नव्हतं. तिने त्याच्या सदऱ्याचा खांदा मुठीत धरला. काठी माझ्याकडे होती, ती मी पुढे केली. तिने घेतली नाही.

तो थांबला. मग तिच्या पावलाला पाऊल जुळवून चालायला लागला. पुढे ती दोघं, मागे उंबर, मागे बायका. खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडलंच, "पुंडलिक, तू बायकांत काय करतंस रं?"

"पट्टी जुनी हाय," पुंडलिक वळून न बघता म्हणाला. "परत सुटंल."

पट्टी परत सुटली नाही. तो मांडवापर्यंत तिच्या पायावर डोळे ठेवून चालला.